लाकडी बॅटचे दोनशे एक्क्याण्णव

आमच्या होबो गावच्या स्टेडियमची डावी भिंत मार्चमधल्या एका मंगळवारी चुन्याने पांढरी झाली. त्या भिंतीवर एकतीस वर्षं निळ्या रंगात सतरा हा आकडा होता, पुरुषभर उंच. तेओफिलो मुर्सुलीच्या पाठीवरचा नंबर. दोन रंगारी आले, शिडी लावली आणि जेवणाच्या सुट्टीआधी सतरा नाहीसा झाला.

सोराइदा एचेमेंदियाला ही बातमी रेशनच्या रांगेत कळली. मी तिच्या मागेच उभा होतो. तिने तांदळाची पिशवी माझ्या हातात कोंबली, "धर रे नॉर्बेर्तो," म्हणाली आणि नंबर सोडून तरातरा निघून गेली. चौसष्ट वर्षांची बाई, गुडघे दुखणारी. तिला एवढ्या झपाट्याने चालताना मी साखर कारखाना बंद झाला त्या दिवसानंतर पाहिलं नव्हतं.

मी त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं तिच्या हाताखाली काम केलं. उसाचा रस तपासायचा, साखरेचा उतारा काढायचा, पाळी संपली की तक्ता भरायचा, हे आमचं काम. पण गावात ती ओळखली जायची वेगळ्याच कामासाठी. बेसबॉलच्या सामन्यांची अधिकृत नोंद ती ठेवायची. सहासष्ट साली, ती अठरा वर्षांची असताना, तारमास्तर बाल्बिनोने तिला आपल्या शेजारी बसवून हे काम शिकवलं. म्हातारा गेला तेव्हा त्याच्या वह्याही तिच्याकडे आल्या. त्यानंतर चौतीस वर्षं आमच्या संघाच्या सामन्यांत, घरच्या असोत की बाहेरच्या, कोणी फटका मारला, कोण झेलबाद झाला, कोणाच्या हातून चेंडू सुटला, हे तिने पेन्सिलने लिहिलं तेच खरं. नवरा एकोणनव्वदमध्ये वारला, त्या आठवड्यातला एक सामना सोडला तर तिचा खाडा नाही. मुलगी कामागुएइला डॉक्टर आहे. ती आईला सारखं म्हणते, इकडे ये. आई म्हणते, वह्या कुठे ठेवू?

तिच्या नोंदीत कुणाची भीड नसायची, आणि त्याची किंमत तिने मोजलेली आहे. त्र्याऐंशी साली आमचा लाझारो बाकायाओ सलग सव्वीस सामन्यांत फटके मारत आला होता. सत्ताविसाव्या सामन्यात त्याने मारलेला साधा सरपटी चेंडू समोरच्या खेळाडूच्या पायांतून निघून गेला. सोराइदाने लिहिलं, चूक. म्हणजे लाझारोचा फटका नाही, मालिका तुटली. कारखान्याचे व्यवस्थापक सामना संपल्यावर स्वतः तिच्या टेबलाशी आले. "सोराइदा, तो फटकाच होता, नीट बघ." ती म्हणाली, "मी बघितलं म्हणून तर लिहिलं." पुढच्या सोमवारी तिची बदली प्रयोगशाळेतून वजनकाट्यावर झाली. दोन महिने उन्हात उभं राहून तिने उसाच्या गाड्यांची वजनं घेतली. नोंद मात्र बदलली नाही.

म्हणून मी म्हणतो, ती तेओची बाजू घेते असं गावातले जे लोक त्या वर्षी म्हणत होते, ते एक तर विसरभोळे होते किंवा लबाड.

तर मंगळवारी ती पोचली ती थेट क्रीडा कार्यालयात. तिथला प्रमुख यादिएल, वय तीस, भला मुलगा, पण भलेपणाला डोक्याची जोड नव्हती. स्टेडियमला पन्नास वर्षं होणार म्हणून त्याने गावचा सर्वकालीन श्रेष्ठ फलंदाज ठरवला होता. ठरवला कसा, तर संगणकात आकडे घातले आणि कागद छापून घेतला. पिशवी परत द्यायच्या निमित्ताने मीही मागोमाग गेलो होतो, त्यामुळे पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

"बसा मावशी," यादिएल म्हणाला. "हे बघा, सगळं रीतसर आहे. लाझारो बाकायाओ, चौदा हंगाम, चौदाशे बारा फटके, एकशे सत्त्याऐंशी होमरन, सरासरी तीनशे अडतीस. तेओफिलो मुर्सुली, बारा हंगाम, सहाशे चाळीस फटके, एकतीस होमरन, सरासरी दोनशे एक्क्याण्णव. भिंतीवर एकच नंबर मावतो. बत्तीस, लाझारोचा."

बॅट घेऊन हजारदा उभं राहिलं तर कितीदा खरा फटका बसतो, ती आमच्याकडची सरासरी. आणि होमरन म्हणजे चेंडू थेट कुंपणाबाहेर. आमच्या गावातलं शेंबडं पोरही हे आकडे तोंडपाठ म्हणतं.

"संगणकाला बॅट कशाची होती ते सांगितलंस का?" सोराइदाने विचारलं.

"बॅट?"

"तेओ लाकडाने खेळला. लाझारो अ‍ॅल्युमिनियमने. लाकडाच्या टोकाला चेंडू लागला तर बॅट मोडते आणि हात झिणझिणतात. अ‍ॅल्युमिनियमच्या टोकाला लागला तर चेंडू कुंपणापर्यंत जातो. हे तुझ्या यंत्राला माहीत आहे का?"

"मावशी, तीनशे अडतीस हा दोनशे एक्क्याण्णवपेक्षा मोठा आहे. हे माझी सहा वर्षांची मुलगीसुद्धा सांगेल."

"मुलीला माझ्याकडे पाठव. उरलेलं मी शिकवते."

यादिएल हसला. हसायला नको होतं. सोराइदा उठली आणि म्हणाली, "कारखान्यात दुष्काळाच्या सालचा उतारा आणि चांगल्या पावसाच्या सालचा उतारा कुणी एका ओळीत लिहून पहिला-दुसरा नंबर काढला असता, तर मी त्याला बाटल्या धुवायला बसवलं असतं. तू इथे खुर्चीवर बसलायस."

त्याच संध्याकाळी ती तेओकडे गेली. तेओ तेव्हा चौऱ्याहत्तरचा. गावाबाहेर रुळांपलीकडे राहायचा, दोन डुकरं पाळायचा. आम्ही गेलो तेव्हा तो त्यांच्यासाठी मालांगा कंदाच्या साली शिजवत होता. भिंतीचं त्याला दुपारीच कळलं होतं.

"सोड गं पोरी," तो म्हणाला. "चुना कुणाच्या अंगावर पडत नाही. लाझारोचे होमरन मी बघितलेत. चेंडू उसात जायचे."

"तेओदादा, अडुसष्ट साली आपल्या अख्ख्या संघाने मिळून एकोणीस होमरन मारले. त्यातले सात तुमचे."

"असतील."

"असतील काय? आहेत. मी लिहिलेत."

"मग तुझ्याकडे आहेत ना? झालं तर. कॉफी घेणार?"

परत येताना ती रुळांवर थांबली आणि माझ्यावरच घसरली. "बघितलंस? माणसाचा मान जातो आणि माणूस कॉफी विचारतो. त्याला वाटतं मी त्याच्यासाठी भांडतेय. त्याच्यासाठी कोण भांडतंय? चुकीचा हिशोब भिंतीवर चढवलाय, तोही माझ्या वह्यांमधून काढून."

खरं होतं ते. यादिएलच्या संगणकातला एकेक आकडा तिच्याच वह्यांमधून गेलेला. दोन वर्षांपूर्वी कार्यालयाने वह्या मागून घेतल्या, नकलून घेतल्या आणि तीन गहाळ करून परत केल्या. आभाराचा साधा कागदही नाही. मला या गोष्टीची आजही चीड येते.

दुसऱ्या दिवसापासून तिच्या जेवणाच्या टेबलावर काम सुरू झालं. तिचा विचार अगदी सरळ होता. दोघांना एकमेकांशी ताडायचं नाही. प्रत्येकाला त्याच्या काळातल्या बाकीच्यांशी ताडायचं. तेओ खेळत होता तेव्हा प्रांतातल्या आठही संघांचे सगळे मिळून सरासरी किती मारत होते? लाझारोच्या वेळी किती? इतरांचे शंभर धरले तर यांचे किती होतात? एवढंच. पण त्यासाठी सव्वीस हंगामांची बेरीज हवी. प्रांताचे आठवड्याचे तक्ते तिने वह्यांमध्ये चिकटवून ठेवलेले होते. मी आकडे वाचायचो, ती मांडायची. गहाळ वह्यांच्या जागी तिने शेजारच्या तीन गावांतल्या जुन्या नोंदनिसांना गाठलं, त्यासाठी उसाच्या ट्रॅक्टरवर बसून प्रवास केला. तीन आठवडे गेले.

तेओच्या काळी सगळा प्रांत दोनशे चौतीस मारत होता. लाझारोच्या काळी दोनशे शहाण्णव. बॅट बदलली तेव्हा यच्चयावत सगळे शूर झाले होते. इतरांचे शंभर धरले, तर तेओचे एकशे चोवीस. लाझारोचे एकशे चौदा.

"झालं," मी म्हणालो. "आता यादिएलच्या टेबलावर आपट."

शहाऐंशीची वही उघडून ती बसली होती. मग सावकाश म्हणाली, "त्या वर्षी बॅटांची पेटी आली नव्हती, आठवतंय? पहिले एकोणीस सामने सगळ्यांनी गोदामातल्या जुन्या लाकडी बॅटांनी खेळले."

मला आठवत नव्हतं. तिने बेरीज केली, खोडली, पुन्हा केली. त्या एकोणीस सामन्यांत लाझारो एकाहत्तर वेळा बॅट घेऊन उभा राहिला होता, बावीस फटके. तीनशे दहा. बाकीचा प्रांत दोनशे एक्केचाळीसवर घसरला होता. म्हणजे लाकूड हातात असताना लाझारो शंभराला एकशे एकोणतीस. तेओपेक्षाही वर.

"एकोणीस सामने म्हणजे काय गं," मी म्हणालो. "चार आठवड्यांचा खेळ. कुणाला माहीत नाही, कुणी विचारणार नाही. राहू दे."

तिने पेन्सिल खाली ठेवली. आमच्या ओळखीच्या इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे त्या नजरेने कधी पाहिलं नव्हतं. "तू अकरा वर्षं माझ्याकडे होतास," ती म्हणाली. "नको असलेला नमुना तू मोरीत ओतत होतास का? आत्ताच सांग, म्हणजे मला कळेल की आपले किती तक्ते खोटे होते."

ती चिडली होती, आणि बरोबर होती.

लाझारोची गाठ दुसऱ्याच दिवशी पडली. तो आता घोडागाडी हाकतो, बाजारापासून दवाखान्यापर्यंत. सोराइदाला गुडघ्याच्या इंजेक्शनला जायचं होतं आणि दुसरी गाडी नव्हती. गाडीत आम्ही सहाजण. लाझारोने मागे न बघताच सुरुवात केली.

"ऐकतोय मी, सोराइदाताई. तुम्ही म्हणे मला खाली उतरवताय."

"मी कुणाला उतरवत नाही. तू घोडा हाक."

"त्र्याऐंशीत माझा एक फटका तुम्ही खाल्लात. आता चौदाशे बाराच्या चौदाशे बारा खाणार."

"ती चूक होती. समोरच्या संघातल्या लोकूच्या पायांतून गेला होता चेंडू. तुलाही माहीत आहे."

लाझारोने लगाम ओढला आणि गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली. एका बाईच्या मांडीवर पेरूच्या वड्यांचं ताट होतं, ते घसरलं. तो वळून बसला. त्रेपन्न वर्षांचा धिप्पाड माणूस.

"मी अ‍ॅल्युमिनियम मागितलं होतं का? अठरा वर्षांचा होतो. त्यांनी हातात दिली, म्हणाले मार. मी मारलं. स्टेडियम भरून टाळ्या वाजवल्यात तुम्ही सगळ्यांनी. मग कुणीतरी ठरवलं की लाकूडच खरं, आणि माझी चौदा वर्षं खोटी झाली. बाजारातली पोरं मला पत्रा म्हणतात, ताई. पत्रा बाकायाओ. समोरून ओरडतात आणि पळतात. मी काय करू, त्यांना पुन्हा खेळून दाखवू?"

वड्यावाली बाई ताट सावरत म्हणाली, "लाझारो, माझी ड्यूटी साडेनऊला लागते." तेव्हा गाडी निघाली. सोराइदा उतरताना त्याला म्हणाली, "रविवारी पार्कात ये. सगळं वाचणार आहे. तुझंही."

आमच्या पार्कात बदामाच्या झाडाखाली रोज सकाळी बेसबॉलवाल्यांचा अड्डा बसतो. वीस-पंचवीस पुरुष, आणि आवाज दोनशेंचा. बायका तिथे थांबत नाहीत, बाजूने जातात. चौतीस वर्षं नोंद ठेवणाऱ्या बाईलाही तिथे कधी कुणी बाकडं सरकवून दिलं नव्हतं. यात माझाही वाटा आहे, मी रोजचाच तिथला. त्या रविवारी ती कागद घेऊन आली तेव्हा सेर्वांदो न्हावी म्हणाला, "काय सोराइदा, कुणाची बायको शोधतेय का नवऱ्याला?"

"तुझी नाही," ती म्हणाली. "तू घरात नाहीस हे तिला अजून कळलेलं नाही. उठ, मला बसायचंय."

सेर्वांदो उठला. तिने वाचायला सुरुवात केली. एकशे चोवीस, एकशे चौदा. अर्ध्यांनी टाळ्या दिल्या, अर्ध्यांनी शिव्या. एक म्हणाला, चौदाशे फटके ते चौदाशे फटके, त्याला शंभराने कशाला भागायचं. दुसरा म्हणाला, तेओच्या वेळचे चेंडू टाकणारे ऊसतोडे होते, दिवसभर कोयता चालवून यायचे. "दोघांच्याही वेळचे ऊसतोडेच होते," सोराइदा म्हणाली. "तू स्वतः तेव्हा दुसऱ्या संघाकडून टाकायचास, आणि लाझारोने तुला सतरा वेळा फटकावलंय. तारखा देऊ?"

लाझारो घोडागाडी कोपऱ्यावर लावून झाडापासून लांब उभा होता. मग तिने शहाऐंशी सालचं पान काढलं. एकोणीस सामने, लाकडी बॅट, तीनशे दहा, शंभराला एकशे एकोणतीस. "हे थोडे सामने आहेत," ती म्हणाली. "यावरून तो तेओपेक्षा मोठा ठरत नाही. पण पत्रा हे नाव तर अजिबात ठरत नाही. ज्याने ते पहिल्यांदा काढलं त्याने ही वही येऊन बघावी."

सगळ्यांनी सेर्वांदोकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

लाझारो जवळ आला. "पुन्हा वाचा," म्हणाला. तिने पुन्हा वाचलं. "एकोणीस?" "एकोणीस." "मला कुणी कधी सांगितलं नाही हे." तो वळला आणि गाडीकडे गेला. घोड्याला पाणी पाजत बराच वेळ उभा राहिला.

सोमवारी ती आणि लाझारो दोघंही यादिएलकडे गेले. त्यांचं म्हणणं एकच होतं: दोन्ही नंबर लावा, आणि खाली काळ लिहा, बॅट लिहा. भिंत ऐंशी मीटर लांब आहे. यादिएलने कागद ठेवून घेतले, वर विचारतो म्हणाला. वर म्हणजे कुठे, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही.

सोहळ्याच्या आदल्या दिवशी रंगारी पुन्हा आले. संध्याकाळी आम्ही बघायला गेलो तर भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलं होतं: "खेळ हा जनतेचा हक्क". सतरा नाही, बत्तीस नाही. यादिएल दारात भेटला. "कॉम्रेड सोराइदा, मतभेद होते ना," तो म्हणाला. "म्हणून वरून सांगितलं, कुणाचंच नको. असं कुणी दुखावत नाही."

"दोघंही दुखावले," ती म्हणाली. "तू मोजायला शिकला असतास तर एकही दुखावला नसता."

सोहळ्याला ती गेली नाही. लाझारोही गेला नाही. मी गेलो, फुकटचा सोडा प्यायलो आणि त्याची मला लाज वाटते.

त्यानंतरच्या शनिवारी सोराइदाने आपल्या घराची रस्त्याकडची भिंत धुऊन घेतली. बँकेच्या दुरुस्तीतून उरलेला निळा रंग कुणाकडून तरी मिळवला. अक्षर तिचंच, वहीतल्यासारखं बारीक आणि सरळ. वर दोघांची नावं. खाली फटके, होमरन आणि सरासरी, खाली त्या काळची सगळ्यांची सरासरी, खाली बॅट लाकडाची की अ‍ॅल्युमिनियमची, आणि लाझारोच्या रकान्यात एक वेगळी ओळ: शहाऐंशी, एकोणीस सामने. कोण मोठा, हे तिने कुठेच लिहिलं नाही. लोक विचारतात. ती म्हणते, "वाचता येतं ना? मग वाच."

तिसऱ्या दिवशी गृहनिर्माण खात्याचा माणूस आला. दर्शनी भिंतीवर लिहायला परवानगी लागते म्हणाला. तिने त्याच्या हातात खडू दिला. "यातला जो आकडा चुकीचा असेल त्याच्यावर काट मार. तेवढा मी पुसते." तो अर्धा तास भिंतीसमोर उभा राहिला. मग त्याने विचारलं, त्याचा मामा रुबिएल त्र्याहत्तरमध्ये कॅचर होता, फलंदाजामागे बसून चेंडू झेलायचा, त्याचं काही सापडेल का. तिने आत जाऊन वही आणली. मामाची सरासरी एकशे ऐंशी निघाली. माणूस नाराज होऊन गेला, पण परवानगीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता अड्डा अर्धा तिच्या दारात बसतो. बायकाही थांबतात. लाझारोची गाडी तिथून जाते तेव्हा एखादा उतारू भिंतीकडे बोट दाखवतो, आणि लाझारो गाडी हळू करतो. थांबवत नाही.

तेओ यायला दोन महिने लागले. पांढरा सदरा घालून, काठी टेकत, रुळांपलीकडून चालत आला. भिंतीसमोर उभा राहून त्याने ओठ हलवत सगळं वाचलं. आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचे डोळे भरून येतील.

"बत्तीस," तो म्हणाला.

"काय बत्तीस?" सोराइदा दारातून बाहेर आली.

"होमरन. एकतीस लिहिलेत. बत्तीस आहेत. मोरोनच्या मैदानावर, सत्तर साल, डाव्या खांबावरून मारला होता."

"तो सामना चौथ्या डावात पावसाने बंद पडला, तेओदादा. पाच डाव झाले नाहीत तर सामना धरत नाहीत."

"चेंडू गेला ना बाहेर?"

"गेला."

"मग?"

"मग काही नाही. धरत नाहीत."

"माझ्या डोळ्यांनी बघितला मी. तूही बघितलास. तू तिथे होतीस."

"होते. कागद भिजला माझा. तरी तो धरत नाहीत."

चौऱ्याहत्तर वर्षांचा तो माणूस, ज्याने भिंत गेली तेव्हा कॉफी विचारली होती, तो आता काठी आपटत भांडायला लागला. लोक जमले. सेर्वांदो म्हणाला, अगं एक वाढव ना, कुणाचं काय जातं. त्यावर ती त्याच्यावर जी तुटून पडली, ते कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं. शेवटी तेओ तिच्या दाराच्या पायरीवर बसला, घाम पुसला, म्हणाला, "लाझारोलाही एखादा पावसाचा असेलच की. त्याचे किती गेले?"

"चार," ती म्हणाली. "तेही धरलेले नाहीत."

तेओने काठी पायरीला टेकवून ठेवली. "चार?" मग त्याने पाणी मागितलं, आणि ती आत जाऊन घेऊन आली.